मरायची ओळ

“काय मॅडम, साहेबांचा रिपोर्ट लिहून झाला म्हन्ते?”

कासाबाईनं तराजूत वांगी टाकता टाकता विचारलं आणि शेजारच्या मिरचीवाल्यानं तोंड फिरवून हसून घेतलं.

“अहो, चौकशी उद्या आहे,” मी म्हटलं. “सुरू व्हायच्या आधी रिपोर्ट कसा होईल?”

“तेच तर म्हन्लं ना मी. चौकशी उद्या, रिपोर्ट कालच.”

आता सगळे उघड उघड हसले. मी तेव्हा कन्याशाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेत कुणी असं बोललं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं. बाजारात कुणाला उभं करणार? मी वांगी तिथंच ठेवली, “राहू द्या, आज आमच्याकडे कुणी वांगी खात नाही,” म्हणाले आणि तोऱ्यात निघाले. तोरा कोपऱ्यापर्यंत टिकला. पुढे पिशवी रिकामी आणि डोकं तापलेलं, अशी घरी आले.

कासाबाईचं तरी काय चुकलं होतं? सगळं गाव तेच बोलत होतं. आमच्या गावाबाहेरच्या कृषी विद्यापीठानं तुरीचं नवं वाण काढलं होतं, मेघना नावाचं. ह्याला मर रोग लागत नाही असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तुरीला मर लागली की शेंगा धरायच्या आत उभं झाड मुळापासून वाळतं. लोकांनी विश्वासानं सगळीकडे मेघना पेरली आणि दिवाळीनंतर पाहावं तर वावरात नुसत्या काड्या. मग ओरडा झाला की चाचण्याच खोट्या होत्या. मोर्चे निघाले, विद्यापीठाच्या फाटकावर दगड पडले, आणि शेवटी सरकारनं स्वतंत्र चौकशी समिती नेमली. दोन सदस्य परराज्यातले. अध्यक्ष आमचे हे, डॉक्टर भास्कर इंगोले. मी शाळेपायी इथंच राहिले, आणि उभी हयात बाहेरच्या राज्यात तुरीवर संशोधन करून हे नुकतेच निवृत्त होऊन घरी आले होते.

आणि मेघना काढली होती डॉक्टर त्र्यंबकराव खोडके यांनी, निवृत्तीनंतरही विद्यापीठात राबून. ते यांचे गुरू.

गुरू म्हणजे नुसते शिकवणारे नव्हेत. हे खेड्यातून शिकायला आले तेव्हा सरांनी यांना घरात ठेवून घेतलं. माईंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, हातचं जेवून हे डॉक्टर झाले. लग्नाच्या वेळी मला बघायला आले तेसुद्धा सर आणि माईच. म्हणून आता गाव म्हणत होतं, “खोडक्याच्या घरचं खाल्लेला माणूस खोडक्याची चौकशी करणार!” स्थानिक पेपरनं तर समितीचं नावच ठेवलं होतं, ‘गुरुदक्षिणा समिती’. त्यात कुलगुरू पत्रकारांसमोर हसून म्हणाले, “घरचाच माणूस मिळाला, उत्तम झालं.” मेल्यानं तेवढं तरी बोलायचं नाही!

“तुम्ही नाही म्हणायचं होतं,” मी यांना म्हटलं होतं.

“म्हटलं होतं. ते माझे गुरू आहेत असं लेखी कळवलं. तुरीच्या मर रोगातला दुसरा जाणकार मोकळा नाही, असं उत्तर आलं.”

“मग? करणार काय तुम्ही?”

“पाहू.”

या माणसाचं हे ‘पाहू’ मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. त्यातून कुणाला काही कळलं असेल तर शपथ!

तर त्या दिवशी बाजारातून आले, पिशवी टेबलावर आपटली आणि समोर बघते तो भिंत मोकळी. तिथं सरांचा फोटो होता. मेघना प्रसिद्ध झाली तेव्हा सरांनी तो मोठा करून, चौकट लावून आपल्या लाडक्या विद्यार्थ्यांना दिला होता. तुरीच्या वावरात सर उभे, कमरेएवढी तूर पिवळ्या फुलांनी भरलेली, एक हात झाडावर ठेवलेला आणि चेहऱ्यावर लेकीचं लग्न लागल्यासारखं हसू. तो फोटो गेलेला. मागं खिळा आणि भिंतीवर रंग न उडालेला चौकोन.

हे ओसरीवर बुटांना पॉलिश करत बसले होते.

“फोटो कुठाय?”

“काढला.”

“का?”

“हवा होता.”

“हवा होता म्हणजे? लोक काय म्हणतील म्हणून गुरूचा फोटो भिंतीवरनं उतरवता? एवढी भीती वाटते तर अध्यक्ष कशाला झालात?”

“मंदा, चौकशीबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं?”

“मी चौकशीबद्दल बोलत नाहीये, फोटोबद्दल बोलतेय!”

यांनी बूट बाजूला ठेवले, चपला घातल्या आणि फिरायला निघून गेले. भांडणातून पळून जायची ही यांची जुनी रीत. मी एकटीच त्या चौकोनाकडे बघत बसले. मला खरंच भीती वाटत होती, आणि दोन्हीकडून वाटत होती. यांनी सरांना सोडलं तर गाव म्हणत होतं ते खरं ठरणार आणि मला या गावात मान वर करून चालता येणार नाही. आणि नाही सोडलं तर माईंना तोंड कसं दाखवायचं?

त्याच दुपारी माई आल्या. संक्रांत जवळ आली होती, हातात तिळाच्या वड्यांचा डबा.

“भास्कर नाही ना घरी?”

“बाहेर गेलेत. येतीलच. बसा ना, माई.”

“नाही तेच बरं. भेटले तर लोक म्हणतील, भीड घालायला आली.” त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. त्यांची नजर भिंतीवर गेली, चौकोनावर थांबली आणि खाली आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मंदा, एवढं एक सांग त्याला. जे विचारायचं ते विचार म्हणावं. सगळं विचार. पण बसवून विचार.”

“म्हणजे?”

“तो शेतकऱ्यांचा पुढारी ठोंबरे सभेत म्हणाला म्हणे, खोडक्याला पिंजऱ्यात उभं करू. ह्यांचे गुडघे धरतात, पण गुडघ्यांचं नाही गं. जन्मभर हे फळ्यापाशी उभे राहिले आणि पोरं समोर बसली. आता पोरं बसणार आणि हे…” पदरानं डोळे टिपून त्या उठल्या आणि डबा माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

जेवताना मी यांना निरोप सांगितला. यांचा हात ताटातच थांबला.

“हं,” म्हणाले. वड्यांचा डबा पुढं केला तर म्हणाले, “आत्ता नको. चौकशी होईपर्यंत त्या घरचं काही नको. तूही खाऊ नकोस.”

मग मीही नाही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं सभागृह खचाखच भरलं होतं. चौकशी बंद दाराआड नाही, सगळ्यांसमोर माईकवर होणार, हा यांचाच हट्ट. पण त्यावरही कुणाचा विश्वास नव्हता. लोक आले होते ते गंमत पाहायला. शेतकऱ्यांचे पुढारी ठोंबरे दंडाला काळी फीत बांधून पहिल्याच रांगेत होते. त्यांनी वाळलेल्या तुरीची एक मोळी आणून मंचाच्या कडेला आपटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे कुलगुरू निवांत बसलेले. मी मागे एका कोपऱ्यात होते.

“ते मधले पाहा,” माझ्या शेजारची बाई तिच्या सोबतिणीला म्हणाली. “तोच तो शिष्य.”

मी ओठ आवळून बसले.

मंचावर टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. साक्ष देणाऱ्यानं ज्यापाशी उभं राहायचं ते लाकडी मेज खाली ठेवलं होतं. सर काठी टेकत आत आले. आमचे हे खुर्चीवरून उठले, मंचाच्या पायऱ्या उतरले, चालत सरांपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत वाकून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

एकच गिल्ला झाला. “झालं! संपली चौकशी!” “पाहा, पाहा, आमी काय सांगत होतो!” ठोंबरे उठून उभे राहिले आणि हात नाचवत ओरडले, “चला रे घरी! आता आरती करतीन अन् परसाद वाटतीन!” कुलगुरूंच्या चेहऱ्यावर हसू मावेना. अहो, काय हे! मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं, जाऊन यांचा हात धरावा आणि घरी घेऊन जावं. या वयात आणि एवढ्या लोकांत!

हे तसेच वळले. वर गेले, स्वतःची खुर्ची उचलून खाली आणली, सरांसमोर ठेवली आणि त्यांना बसवलं. पुन्हा आरडाओरडा, “गुरूले गादी द्या!” पण हे वर परत गेलेच नाहीत. त्या लाकडी मेजापाशी स्वतःच उभे राहिले.

“ठोंबरे,” हे माईकवर म्हणाले, “जरा थांबा. नंतर जायचं तर जा.”

मग यांनी मंचाच्या कडेला ठेवलेली पिशवी उचलली आणि आतून काहीतरी काढलं. माझी जुनी हिरवी शाल मी लांबूनही ओळखली. शालीतून निघाला आमच्या भिंतीवरचा फोटो. तो यांनी सरांच्या मांडीवर ठेवला.

“सर, हा फोटो कशाचा आहे?”

“मेघनाच्या चाचणीचा. रोगट वावरातला.” सरांचा आवाज खणखणीत होता.

“रोगट वावर म्हणजे काय, ते लोकांना सांगाल?”

सरांना शिकवायला सांगितलं की झालं. ते खुर्चीत सरसावून बसले. “मर लागलेल्या तुरीच्या काड्या दरसाल त्याच मातीत गाडायच्या. वर्षानुवर्षं. म्हणजे ती जमीन रोगानं भरून जाते. नवं वाण त्या जमिनीत पेरायचं. तिथं जगलं तर म्हणायचं, हे वाण टिकणारं.”

“तिथं नुसतं नवं वाणच पेरतात, सर?”

“नाही, नाही. मध्ये मध्ये एक ओळ जुन्या वाणाची टाकायची, ज्याला हटकून मर लागते अशा वाणाची. तिला आम्ही मरायची ओळ म्हणतो. ओळखू यावी म्हणून तिच्या टोकाला पांढरी खुंटी ठोकतात.”

“ती कशासाठी?”

“अरे, कशासाठी काय? ती ओळ मेली म्हणजे जमिनीत रोग होता हे ठरलं. तेव्हाच शेजारची ओळ जगली याला काही अर्थ. आणि ती मेलीच नाही तर…”

सर बोलता बोलता थांबले.

“ती मेली नाही तर, सर?”

सर फोटोकडे बघत होते. हे वर्गात प्रश्न विचारायला उठलेल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे होते.

“फोटोत पांढरी खुंटी दिसते का, सर?”

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. “दिसते.”

“कुठे?”

“माझ्या पायापाशी.”

“तुमचा हात कोणत्या ओळीवर आहे?”

सर फोटोवर वाकले. मग सर म्हणाले, “मरायच्या ओळीवर.”

“ती मेली आहे का?”

“नाही. फुलावर आहे.”

कुलगुरू ताडकन उठले. “हे काय चाललंय? एका फोटोवरून काय ठरतं? त्यानंतर झाडं मेली असतील, आधी…”

“थांबा साहेब,” सर त्यांच्याकडे वळून म्हणाले. आवाज तोच, वर्गातला. “फुलावर यायच्या आत ती ओळ जळून जायला हवी होती. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. त्या मातीत रोगच नव्हता.” मग ते पुन्हा यांच्याकडे वळले. “लिहून घे. आमचं रोगट वावर मोडून तिथं पाहुण्यांचं विश्रामगृह बांधलं. नवं वावर तयार व्हायला पुष्कळ वर्षं लागली असती. हे साहेब म्हणाले, साध्या वावरात पेरा आणि कागदावर रोगट लिहा, मंत्र्यांच्या हस्ते कार्यक्रम ठरलाय. मी लिहिलं. मला वाटलं होतं, माझं वाण टिकेलच. डोळे मिटायच्या आधी ते लोकांच्या वावरात बघायची घाई झाली होती मला. त्यांनी सांगितलं हे खरं, पण लिहिलं मी. सही माझी आहे.”

कुलगुरू खाली बसले. मग ठोंबरे उठले. मघाचा आवेश कुठल्या कुठे गेला होता.

“सायेब, एक इचारू का जी? हा फोटो तर पेपरात आला होता. आमच्या सोसायटीच्या भितीवर अजून हाय. इतक्या लोकाईनं पाह्यला, मीबी रोज पाह्यला. मंग तो तुमालेच काऊन दिसला?”

यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याआधी काठीचा आवाज आला. सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

“त्याला मी शिकवलंय,” सर म्हणाले. “म्हणून दिसला.”

चोरी कबूल केलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. ताठ मानेनं बोलले सर. आणि यांची मान खाली गेली. मी तर तिथं बसल्या जागी हुंदके देऊन रडले, लाज नाही की काही नाही. अभिमान वाटला मला, दोघांचाही. खोटं लिहिलं त्या माणसाचा कसला अभिमान, असं कुणी विचारेल. विचारो बापडे. मला वाटला तो वाटला.

“तुम्ही त्यांच्या कोण हो?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“बायको!” मी चार रांगांना ऐकू जाईल असं म्हटलं. “त्या शिष्याची बायको.”

आम्ही घरी चालत निघालो. वाटेत मी विचारलं, “नमस्कार का केलात हो? केवढा गोंधळ झाला. जीव गेला होता माझा.”

“नंतर सरांनी करू दिला असता की नाही, कुणास ठाऊक,” हे म्हणाले. “म्हणून आधीच करून घेतला.” आणि भर रस्त्यात थांबून चष्मा पुसत राहिले. मी शाल पिशवीतून काढून यांच्या खांद्यावर टाकली. फोटो समितीकडे जमा झाला होता.

रिपोर्ट आला. मेघना मागे घेतली गेली, लोकांना भरपाई द्यावी लागली, कुलगुरूंना जावं लागलं. सरांचे सन्मान काढून घेतले, आणि तेही यांच्याच सहीनं. पेपरनं ‘गुरुदक्षिणा समिती’ हा शब्द पुन्हा छापला नाही. कासाबाईनं न मागता कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. “सायेबाले,” म्हणाली आणि वर बघितलंच नाही.

पण सरांच्या घराचं दार आमच्यासाठी उघडतंय की नाही, हे कुणाला ठाऊक? हे तिकडे जाईनात. त्या रस्त्यानं जायचं टाळू लागले. जेवण तुटलं, बोलणं तर आधीच बेताचं. मी वाट पाहिली आणि मग एके दिवशी फडताळातून माईंचा डबा काढला. वड्या खायची परवानगी आता होती, तशा त्या आम्ही संपवल्या होत्या. डबा रिकामा परत करायचा नसतो. मी त्यात बेसनाचे लाडू भरले.

“चला,” म्हटलं. “डबा द्यायला जायचंय.”

“तू ये देऊन.”

“मी एकटी नाही जाणार. उठा.”

माईंनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि मग माझ्यामागे पायरीखालीच थांबलेल्या यांच्याकडे. त्या काही बोलायच्या आत आतून सरांचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“भास्कर आलाय,” माई म्हणाल्या.

मी डबा छातीशी घट्ट धरला होता. परत फिरावं लागलं तर यांना कसं सांभाळायचं, याच विचारात होते.

“मग बाहेर का उभा आहे तो?”

हे तरी हलेनात. शेवटी मी पाठीत ढकललं तेव्हा आत गेले. सर खोलीच्या मधोमध उभे होते, काठीवर भार देऊन. आपली नेहमीची वेताची खुर्ची त्यांनी पुढं ओढून ठेवली होती.

“बस,” सर म्हणाले.

“सर, तुम्ही उभे…”

“मी उभाच बरा. बस तू.”

सरांची आज्ञा यांनी जन्मात कधी मोडली नव्हती. बसले. सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हातानं भिंतीवर, फळा असावा तसा, एक चौकोन काढून दाखवला आणि म्हणाले, “हं. आता सांग. नवं रोगट वावर करायचं, तर जागा कुठली घ्यायची?”

माईंनी माझ्या हातातला डबा घेतला आणि चहा टाकायला आत गेल्या.